चोच पाहून दाणा

ही चिमणीची चोच जवळून पाहा. आखूड, बुडाशी जाड. राळ्याचा दाणा जिभेनं कडेला सरकवला, दाबला, टरफल बाहेर, गर आत. पलीकडच्या होल्याला एवढी सवड नाही. तो दाणा अख्खाच गिळतो. दळण पोटातल्या पेषणीत होतं, गिळलेल्या बारीक खड्यांच्या मदतीनं.

आता पक्ष्यांच्या थाळीत घालायला बाजारात मिळणारं हे दाण्यांचं तयार मिश्रण. पिशवीवर देखणे पक्षी, आत गहू, ओट आणि लाल ज्वारीचा भरणा. छोटे पक्षी त्यातून हवं तेवढं उचलतात, बाकीचं चोचीनं उडवून लावतात. थाळीखाली वाकून बघा. नुसती टरफलं पडली असतील तर ठीक. अख्खे दाणे पडले असतील तर मिश्रण चुकलंय. ते ओल धरतात, बुरसतात आणि रात्री उंदीर बोलावतात.

एकच बी घ्यायचं असेल तर आम्ही काळं सूर्यफूल घेऊ. पट्टेदार जातीपेक्षा त्याचं साल पातळ आणि तेल जास्त. रामगंगा हा छोटा पक्षी ते पायाखाली धरून ठोकून फोडतो, चिमणी चोचीतच फोडते. करडईचं कवच कठीण, चव कडवट. जाड चोचीचे पक्षी ती खातात, खारी मात्र अनेकदा तोंड फिरवतात. कारळे इतके बारीक की साध्या थाळीतून वाऱ्यानं उडून जातात. त्यांना अरुंद फटींची नळी लागते. शिवाय ते थोडेच आणावेत, कारण त्यातलं तेल खवट होतं.

शेंगदाण्यांच्या बाबतीत मात्र काटकसर नको. खारवलेले चालत नाहीत. बुरशीचा वास आला तर सरळ फेकून द्या. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन पक्ष्यांचं यकृत निकामी करू शकतं. पेरणीसाठी रंग लावलेलं बियाणंही थाळीत नको. त्यावर बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चढवलेलं असतं.

आणि थाळी कितीही नीट भरली, तरी बागेतले काही पक्षी तिच्याकडे फिरकणार नाहीत. ते कीटकांवर जगतात. दाणे खाणारी ही चिमणीसुद्धा पिलांना आधी अळ्या भरवते. त्या तिला थाळीत मिळत नाहीत. त्यासाठी ती कुंपणालगतच्या, कुणी न कापलेल्या, औषध न फवारलेल्या गवतात शिरते.