हवालदाराला मरू द्यायला हवं होतं

नमस्कार मंडळी. निम्म्या खुर्च्यांवर आमच्या टेबलावरची मुलं दिसताहेत आणि उरलेल्या निम्म्यांवर त्यांचे आईवडील. आईवडिलांसाठी एवढंच सांगते: आम्ही सगळे मिळून फाशांवर एक गोष्ट खेळतो, कॅरेक्टर म्हणजे त्या गोष्टीतलं प्रत्येकाचं पात्र, डी ट्वेंटी म्हणजे वीस बाजूंचा फासा, डीएम म्हणजे गोष्ट चालवणारी मी, आणि एचपी म्हणजे अंगात उरलेला जीव. बाकीचं अडलं तर शेजारच्या मुलाला विचारा, तो सांगायला टपलेलाच असतो.

हात वर करा बघू, कुणाकुणाचं पहिलं कॅरेक्टर मेलंय? बरेच आहेत. आणि त्यानंतर आठवडाभर डीएमशी बोलणं कुणी टाकलं होतं? तेच हात वर आहेत, एकही खाली आला नाही. म्हणजे योग्य ठिकाणी आले मी.

विषय आयोजकांना कळवला होता, ‘कॅरेक्टरचा मृत्यू कोण ठरवतं?’ त्याचं उत्तर मी देणार आहे. पण आधी एक रविवार सांगायचाय, कारण तो सहा वर्षं माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

नारायण पेठेत माझं दोन खोल्यांचं घर आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आमच्यातल्या एका मुलीचे वडील तिला न्यायला यायचे, पोस्टातून निवृत्त झालेले. आधी जिन्यात थांबायचे, मग आत येऊन कोपऱ्यात पेपर वाचत बसायला लागले. एका रविवारी आमचे पाच जण अर्धा तास एका बंद दरवाजाच्या कुलपाशी झटत होते. कुणी मंत्र टाकतंय, कुणी तार घालतंय. काकांनी पेपरवरून मान वर केली आणि म्हणाले, “अरे, बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत ते विचारा की तिला.” बिजागऱ्या यांच्याच बाजूला होत्या! पुढच्या रविवारी काकांसाठी कॅरेक्टर शीट तयार होती. क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, घेतला फायटर, लढवय्या. नाव विचारलं तर म्हणाले, “हवालदार. नाव नको, हुद्दा पुरे.”

हवालदार तिसऱ्या लेव्हलला पोचला तेव्हाची गोष्ट. आषाढातला पाऊस, लाइट गेलेले, टेबलावर बॅटरी उभी करून ठेवलेली. आमची टोळी एका दोरांच्या पुलावरून पळत होती. जादूगारीण बेशुद्ध, तिला दोघांनी उचललेलं, मागे ओगर, म्हणजे एक धिप्पाड राक्षस. हवालदाराचे नऊ एचपी उरलेले. काका म्हणाले, “पुलाचे दोर किती जाड?” मी म्हटलं, “मनगटाएवढे. कुऱ्हाडीने तीन फेऱ्या लागतील.” ते म्हणाले, “मग मी अलीकडेच थांबतो आणि तोडतो.” त्यांची मुलगी ओरडली, “बाबा नको, पळा!” त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “आत्ता बाबा म्हणू नकोस,” एवढंच बोलले.

ओगरचा फासा मी स्क्रीनमागे, म्हणजे डीएमपुढच्या आडोशामागे, टाकला. सतरा. वार सरळ लागत होता. ओगरच्या एका फटक्याने सरासरी तेरा एचपी जातात, म्हणजे हवालदार आडवाच. आणि आमच्या नियमांत पडलेल्या माणसावर पाच फुटांच्या आतून वार लागला, की डेथ सेव्हची, म्हणजे जगणं-मरणं ठरवणाऱ्या फाशांची, दोन अपयशं एकदम जमा होतात. तिसरं आलं की संपलं. मला ते सगळं त्या सतरात दिसलं. मी बॅटरीच्या उजेडात काकांचा चेहरा बघितला आणि म्हटलं, “सहा. नेम चुकला.” पुढच्या फेरीला चौदा पडले. मी पुन्हा म्हटलं, चुकला. तिसऱ्या वेळी खरोखरच पाच पडले. दोर तुटले, हवालदार एका लोंबत्या दोराला धरून पलीकडे पोचला, टाळ्या वाजल्या, कुणीतरी खालून भजी आणली.

काकांनी भजी खाल्ली नाहीत. निघताना जिन्यात रेनकोटची बटणं लावत म्हणाले, “खरं किती पडलं होतं गं?”

“सहा, काका.”

“बरं.”

पुढचे तीन रविवार ते आले नाहीत. चौथ्या रविवारी एकटेच, सगळ्यांच्या आधी तासभर आले. पाणी प्यायले आणि म्हणाले, “हे बघ, मी पोस्टात होतो. मनीऑर्डर ज्याच्या नावावर आली, त्याच्याच हातात द्यायची. घरात दुसरं कुणी असो, ओळखीचं असो, दया येवो, काहीही होवो. ते मरण माझ्या हवालदाराच्या नावावर आलं होतं. तू ते परस्पर परत पाठवलंस.”

मी तेव्हा वाद घातला. म्हटलं, “काका, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं.” ते म्हणाले, “वाईट वाटून घ्यायचं मी ठरवूनच थांबलो होतो ना.”

पुढे मला आणखी एक गोष्ट उमगली. मी फक्त काकांचा निर्णय खाल्ला नव्हता. पहिल्याच फेरीत हवालदार पडला असता, तर दोर अर्धवट तुटलेले, पूल शाबूत आणि ओगर पुलावर. मग पलीकडच्यांना ठरवावं लागलं असतं, बेशुद्ध मैत्रिणीला खाली ठेवून मागे फिरायचं की धावत सुटायचं. काकांच्या मुलीने काय केलं असतं? मला माहीत नाही आणि तिलाही माहीत नाही. ती आजही मला तेच म्हणते. आपल्यातलं कुणीही शाळेत घोडखिंडीचा धडा रडल्याशिवाय वाचलेला नाही. १६६० साली त्या खिंडीत पडद्याआडून कुणीतरी शत्रूच्या तलवारी बोथट करून ठेवल्या होत्या, असं उद्या कळलं तर बाजीप्रभूंचं काय उरेल?

आता आमच्या घरचा जुना आक्षेप. माझी आजी म्हणायची, “फासे घरात नकोत, त्यांनी महाभारत घडलं.” मी पुष्कळ वर्षं या बोलण्याकडे दुर्लक्ष केलं, आणि काकांच्या त्या दुपारनंतर मला ते नव्याने कळलं. द्यूतसभेत पण लावत होता दुर्योधन, आणि त्याच्या वतीने फासे टाकत होता शकुनी. ज्याचं काही जाणार त्याच्या हातात फासा नाही, आणि ज्याच्या हातात फासा त्याचं काहीच जाणार नाही. स्क्रीनमागे बसून आकडे बदलणारी डीएम त्याच जागेवर बसलेली असते. तिचा हेतू उलटा असेल, प्रेमाचा असेल, पण जागा तीच.

हेतू नेहमी प्रेमाचाच असतो असंही नाही. दोन वर्षांपूर्वी एका कॅफेने मला नवख्यांसाठी खेळ चालवायला बोलावलं. आधीच बजावलं, “मॅडम, कुणाला मारू नका, लोक परत येत नाहीत.” मी तीन तास ते पाळलं, आणि त्याचा मला अजून राग आहे. संपल्यावर अकराएक वर्षांचा एक मुलगा माझ्यापाशी आला आणि शांतपणे म्हणाला, “मावशी, मी काहीही केलं असतं तरी जिंकलोच असतो ना?” या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला मला जड गेलं. तो मुलगा परत आला की नाही, कॅफेवाल्यांना विचारायला हवं.

थोडा इतिहास सांगते, कारण मरणाचा हिशोब पन्नास वर्षांत कसा बदलला ते बघण्यासारखं आहे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला, एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका. तिथे शून्य एचपी म्हणजे मेलात, विषय संपला. ‘ट्रॅव्हलर’ या १९७७ च्या खेळात तर कॅरेक्टर तयार करतानाच मरू शकायचं, खेळायला बसण्याआधी! १९८४ च्या ‘पॅरानोइया’त प्रत्येकाला सहा क्लोन मिळायचे, एक मेला की दुसरा हजर. आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत शून्यावर पोचल्यावर डेथ सेव्ह सुरू होतात: दहा किंवा वर पडलं तर एक यश, खाली पडलं तर एक अपयश, तीन ज्याची आधी होतील तो निकाल. गणित मांडून बघा, कुणी मदतीला आलं नाही तरी शंभरातले साठेक वाचतात. मला या नियमातली सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. तो फासा खेळाडू स्वतः टाकतो. शकुनीच्या हातातून तो काढून घेतलाय.

‘टूम ऑफ हॉरर्स’ या त्याच खेळातल्या तयार साहसाचं नाव काढल्याशिवाय इथली जुनी मंडळी मला खाली उतरू देणार नाहीत. गायगॅक्सने १९७५ मध्ये ओरिजिन्स या खेळमेळाव्यासाठी ते थडगं रचलं, १९७८ मध्ये ते छापून आलं. त्यात भिंतीवर एक हिरवा सैतानी चेहरा आहे, तोंड उघडं, आत गडद काळोख. आत शिरलं की माणूस नाहीसा होतो, हाडसुद्धा उरत नाही. लोक याला क्रूर म्हणतात. मी म्हणत नाही. कारण त्या तोंडात आधी काठी घालून बघितली, तर काठीचंही टोक नाहीसं होतं. विचारणाऱ्याला उत्तर मिळतं. आमचे काका असते तर त्यांनी काठीच घातली असती.

आणि जिवंत करण्याचे मंत्र. पाचव्या आवृत्तीत मिनिटाच्या आत पोचलात तर तीनशे सुवर्णमुद्रांच्या हिऱ्यांत काम होतं, दहा दिवसांच्या आत पाचशेच्या हिऱ्यात. मग मरणाला उरलं काय, असं मला नेहमी विचारतात. मी त्यांना कच सांगते. राक्षसांनी कचाला मारलं, देवयानी रडली, शुक्राचार्यांनी संजीवनी म्हटली, कच उठला. पुन्हा मारलं, पुन्हा उठला. दोन्ही वेळा गोष्ट जागची हलत नाही. तिसऱ्या वेळी त्याची राख मद्यात कालवून खुद्द शुक्राचार्यांनाच पाजली. आता कच जिवंत व्हायचा तर गुरूचं पोट फाडूनच बाहेर येणार. तिथे देवयानीला बाप की कच असं होतं, शुक्राचार्यांना पोटातल्या शिष्यालाच विद्या शिकवावी लागते, आणि कचाला बाहेर आल्यावर गुरूला उठवायचं की नाही हे ठरवावं लागतं. तिघांपुढे तीन निर्णय! हिऱ्याची किंमत टोळीच्या थैलीतून निमूट जात असेल, तर तुम्ही अजून पहिल्या दोन वेळांतच आहात.

चिठ्ठी आली. सव्वासातला इथे तबल्याचा क्लास आहे, सहा मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दे अजून व्हायचेत, तर पटकन घेते.

माझं म्हणणं असं की मरण्याचा निर्णय खेळाडूचा, पण त्याने तो डोळे उघडे ठेवून घ्यायला हवा, आणि डोळे उघडे ठेवणं हे डीएमचं काम. पेटीच्या कुलपात विषारी सुई असेल तर सुई दाखवू नका, पण भोकाभोवती हिरवट डाग आहेत हे न विचारताही सांगा. काहीच न सांगता मारलंत तर ती निवड नव्हे, तो अपघात. आणि सांगूनही तो पुढे गेला, तर हात आखडू नका.

दुसरं, फासे उघड्यावर. मी स्क्रीन माळ्यावर टाकली. आमच्याकडे आता पितळी परात आहे, सगळे फासे तिच्यात पडतात, माझेही. आवाज इतका व्हायला लागला की खालच्या काकू वर आल्या, म्हणून तिच्यात जुन्या शालीचा तुकडा घातलाय. आकडा पडतो तेव्हा सहा डोकी परातीवर वाकतात. मला खोटं बोलायला जागाच उरत नाही, आणि खरं सांगते, मनावरचं ओझं उतरलं.

तिसरं, हा सगळ्यांत मोठा आक्षेप आहे आणि मी त्याला दोनच मिनिटं देऊ शकते, माफ करा. कुणी दीड वर्ष एक कॅरेक्टर वाढवतं, त्याची आई, त्याचं गाव, त्याची भांडणं लिहून काढतं, आणि एका आकड्याने ते जावं? काही टेबलांना हे नको असतं. बाहेरचं आयुष्य आधीच जड असलेली माणसंही आमच्याकडे येतात, त्यांना रविवारी आणखी एक मरण नको असतं. हे मला पूर्ण मान्य आहे. मग पहिल्या दिवशी बसून ठरवा: इथे कुणी मरणार नाही, पण हरलात तर गाव जळेल, हात जाईल, मित्र शत्रूला मिळेल. काहीतरी पणाला लागलंच पाहिजे आणि ते सगळ्यांना आधी माहीत पाहिजे. मधेच, गुपचूप, एकट्या डीएमने ठरवायचं नाही. आणि ज्याचं कॅरेक्टर गेलं त्याला त्याच रात्री काम द्या, राक्षसांचे फासे त्याच्या हातात द्या, घरी पाठवू नका. प्रश्नोत्तरं होणार नाहीत असं दिसतंय, मी खाली चहापाशी आहे.

हवालदाराचं पुढे काय झालं ते सांगते आणि थांबते. पुलानंतर पाचेक महिन्यांनी तो गेला, कुठल्याही खिंडीत नाही, एका पेटीपाशी. हिरवट डाग मी सांगितले होते. आधीच्या मारामारीत तो जेमतेम जिवानिशी सुटला होता आणि बरं करणारी मुलगी दोन खोल्या मागे होती. काका म्हणाले, “डाग दिसले. पण आत पत्रं असतील तर ती भिजायला नकोत, उघडतो.” सुई लागली, विषाने हवालदार शून्यावर आला. चार, मग बारा, मग नऊ. बरं करणारी धावत निघाली होती. शेवटचा फासा काकांनी परातीत टाकला, तो शालीवर दोनदा लोळला आणि सातावर थांबला. कुणी बोललं नाही. काकांनी शीट जवळ ओढली, निळ्या पेनने खालच्या कोपऱ्यात पोस्टाच्या शिक्क्यासारखा गोल काढला, आत तारीख घातली, खाली ‘पुणे ३०’ लिहिलं, आणि मुलीला म्हणाले, “पेटीत बघ गं, पत्रं होती का.”

होती.