मस्टरवर नसलेली माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

पिंपरी-चिंचवडकडे मुलीसाठी स्थळ बघायला गेलं, की शेती किती, घर स्वतःचं की भाड्याचं, हे प्रश्न नंतर येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मुलगा पर्मनंट आहे का?" कंपनीचं नाव त्याच्यानंतर विचारतात. या प्रश्नाला कुणी हसू नये. विचारणाऱ्या बापाला नेमकं ठाऊक असतं, की या एका शब्दावर त्याच्या मुलीचं घर, दवाखाना आणि नातवंडांची शाळा अवलंबून आहे.

मी ३२ वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. १९८८ साली लागलो, २०२० साली निवृत्त झालो. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, हजेरी लावायची, रजेचा हिशोब ठेवायचा, ओव्हरटाइमचे तास मांडायचे, महिन्याच्या शेवटी पगाराच्या स्लिपा वाटायच्या. हजारो माणसांचे पगार माझ्या डोळ्यांखालून गेले. त्यामुळे कामगाराचा पगार, साहेबाचा पगार आणि या दोघांच्या मधे जो मध्यमवर्ग उभा राहिला होता, त्याच्याबद्दल मला जे दिसलं ते आज सांगतो.

माझे वडील साताऱ्यातल्या पाटण तालुक्यातून मुंबईला आले आणि लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार झाले. बदली म्हणजे पाळी सुरू व्हायच्या आधी पास घेऊन फाटकाशी उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी आला नाही तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, काम मिळणार, नाहीतर परत खोलीवर. दहा बाय बाराची ती खोली, आणि तिच्यात गावची नऊ माणसं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करा, ही त्यांची मागणी होती. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला, गिरण्या बंद पडत गेल्या. वडील गावी परतले तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या पेटीत तो बदली पास होता. आईने तो बरीच वर्षं देवाच्या फळीवर ठेवला होता.

म्हणून मी पिंपरीत पर्मनंट झालो, त्या दिवशी वडील गावाहून एस.टी.ने आले. फार बोलले नाहीत. माझं कन्फर्मेशनचं पत्र त्यांनी दोन वेळा हातात घेतलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

पर्मनंट झाल्यावर काय बदलतं, ते बाहेरच्या माणसाला वाटतं पगारात. पगार वाढतो हे खरंच, पण माझ्या मते खरा बदल होतो तो कामगारांच्या पतसंस्थेच्या काउंटरवर. पतसंस्था पर्मनंट माणसालाच सभासद करते, कारण कर्जाचा हप्ता पगारातून कापून घेता येतो आणि जामीन राहायला शेजारच्या मशीनवरचे दोन पर्मनंट सोबती असतात. त्या काउंटरवरून बहिणीचं लग्न झालं, विहिरीची मोटर आली, निगडी-आकुर्डी भागात अर्ध्या गुंठ्यावर घर उभं राहिलं, पोरगी इंजिनिअरिंगला गेली. आमच्या कारखान्यातले टर्नर, वेल्डर, पेंटर हे असे एकेक हप्त्याने मध्यमवर्गात आले. लॉटरी लागून कुणी आलं नाही. मी त्यांच्या कपातीच्या याद्या दर महिन्याला केल्या आहेत, म्हणून सांगतो.

आता माझ्या कामाचा जो भाग सांगताना जड जातं, तो सांगतो.

महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत तरतूद होती, की बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत २४० दिवस भरले तर त्याला कायम करायचं. कामगाराच्या भल्यासाठी केलेली तरतूद. पण तिच्यामुळे आमच्या टेबलावर एक वेगळीच यादी तयार व्हायला लागली: कुणाचे दिवस २०० च्या पुढे गेले त्याची. ती यादी मी करायचो. ती वर जायची आणि आठवड्याभरात त्या पोरांना 'ब्रेक' मिळायचा. महिना-दीड महिना घरी बसायचं, मग पुन्हा यायचं. नवं कार्ड, नवा नंबर, पहिल्या दिवसापासून मोजणी. पुढे पुढे तर ती यादीही लागेना, कारण पोरं कंपनीची राहिलीच नाहीत, ठेकेदाराची झाली. कारखाना तोच, लाइन तीच, टोपीचा रंग तेवढा वेगळा.

हे एका कारखान्यापुरतं नव्हतं. केंद्र सरकारची उद्योगांची वार्षिक पाहणी असते. तिच्यानुसार २००० सालाच्या सुमारास देशातल्या कारखान्यांत शंभर कामगारांमागे वीसेक कंत्राटी होते. आता ते चाळीसच्या वर गेले आहेत. हीच पाहणी आणखी एक गोष्ट सांगते. कारखान्यात जे मूल्य नव्याने तयार होतं, त्यातला कामगारांच्या मजुरीचा वाटा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शंभरात तीस रुपयांच्या आसपास होता. पुढच्या पंचवीस वर्षांत तो निम्म्याच्याही खाली आला आणि नफ्याचा वाटा त्याच्या कितीतरी पुढे निघून गेला. उत्पादन घटलं म्हणून हे झालं नाही. उत्पादन वाढतच होतं.

माझा भाचा चाकणला आहे. आय.टी.आय. झालेला, वेल्डर. म्हाळुंग्यात चौघं मिळून एक खोली, दोन वेळचा मेसचा डबा. मागच्या वर्षी त्याने मला स्लिप दाखवली. "मामा, बरोबर आहे का बघा." ढोबळ पगार १८ हजार २००. त्यातून प्रॉव्हिडंट फंड, ई.एस.आय., व्यवसाय कर, कॅन्टीन वजा जाऊन हातात १५ हजार ८००. हिशोब बरोबर होता. त्याच लाइनवर त्याच्या समोर वेल्डिंग करणाऱ्या पर्मनंट माणसाला हातात याच्या तिपटीहून जास्त मिळतात. भाच्याचं चार वर्षांतलं हे तिसरं कार्ड. त्याला पतसंस्था नाही. बँकेत घराच्या कर्जाचं विचारायला गेला, तर कन्फर्मेशन लेटर मागितलं.

त्याच्या कारखान्यात गेल्या वर्षी वेतनकरार झाला. फाटकावर ढोल, गुलाल, युनियनच्या पुढाऱ्यांना हार. तो म्हणाला, "आम्हालाही पेढा दिला." त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. समोरचा पर्मनंट माणूस त्याचा मित्रच आहे. आणि त्या पर्मनंट माणसाला मी दोष देणार नाही. त्याला मिळतं ते त्याच्या कामाचं रास्त मोल आहे. भाच्यालाही तेवढंच मिळायला हवं. सारख्या कामाला सारखा पगार हे जुन्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत कितीतरी वर्षं लिहिलेलं होतं.

आता वरच्या मजल्यावर जाऊ. १९९१ च्या आधी कंपनीच्या संचालकांच्या पगारावर सरकारची मर्यादा होती. त्यानंतर ती सैल होत गेली. आजच्या कंपनी कायद्यात सर्वसाधारणपणे एका व्यवस्थापकीय संचालकाला निव्वळ नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि सगळ्या संचालकांना मिळून ११ टक्क्यांपर्यंत मोबदला देता येतो. भागधारकांनी विशेष ठराव केला तर त्याच्याही पुढे जाता येतं. इन्फोसिसच्या प्रमुखांचा २०२४-२५ चा मोबदला ८० कोटींच्या वर होता, त्यातला मोठा भाग शेअर्सच्या रूपात. आणि आपल्याकडच्या मोठ्या आय.टी. कंपन्यांत नव्याने लागणाऱ्या इंजिनिअरची सुरुवात कित्येक वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच अडकून आहे. कामगाराची जी पोरगी पतसंस्थेच्या कर्जावर इंजिनिअर झाली, तिची गोष्ट मी करतोय.

कामगाराला नफ्यातला वाटा देणाराही एक कायदा आपल्याकडे आहे, १९६५ चा बोनसचा. तो आता नव्या वेतनसंहितेत गेला, पण आकडे तेच राहिले: कमीत कमी ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २० टक्के. जुन्या कायद्यात हे टक्के पूर्ण पगारावर मोजत नसत. ७ हजार रुपये किंवा किमान वेतन, यांत जे जास्त असेल तेवढ्यावरच मोजत. महिन्याला २१ हजारांच्या वर पगार गेला की कायद्याने बोनसचा हक्कही संपत असे. साहेबाची मर्यादा ओलांडायला ठराव पुरतो. कामगाराची मर्यादा वाढवायला संसदेत जावं लागलं, आणि २०१५ सालच्या त्या दुरुस्तीआधीही कित्येक वर्षं तो आकडा होता तिथेच होता.

आणि आता मला जी गोष्ट सगळ्यात जास्त खटकते ती. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १९७ म्हणतं, की शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीने दरवर्षी जाहीर करायचं: संचालकाचा पगार हा मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे. मधला म्हणजे कोण? कॅन्टीनच्या रांगेत सगळ्यांना पगाराप्रमाणे उभं करा, सगळ्यात कमी पगाराचा पुढे, सगळ्यात जास्त पगाराचा मागे. बरोबर मध्यावर जो येईल तो. कायदा चांगला आहे, मी त्याचं मनापासून स्वागत केलं होतं.

पण त्या रांगेत उभं कोणाला करतात? कंपनीच्या पटावर असलेल्यांना. ठेकेदाराची पोरं त्या रांगेत नसतात.

समजा, एका कारखान्यात १००० पर्मनंट आहेत आणि १५०० कंत्राटी. कंपनीच्या रांगेत मध्यावर येतो पाचशेच्या आसपासचा पर्मनंट माणूस, समजा ६० हजारवाला. साहेबाचा पगार त्याच्या २०० पट निघाला. आता ती १५०० पोरं रांगेत आणा. ती पगाराने कमी, म्हणून पुढे उभी राहतील. एकूण २५००, मध्य साडेबाराशेवर. तिथे माझा भाचा उभा आहे, १८ हजारवाला. साहेबाचा पगार तोच, पण आता तो ६०० पटींच्याही वर गेला. आणि जितकी जास्त पोरं ठेकेदाराकडे ढकलाल, तितकी कंपनीची रांग सुबक दिसते. एवढा फरक करायला मस्टर कुणाचं, एवढंच बदलावं लागतं. मी आयुष्यभर मस्टर ठेवलं आहे, म्हणून मला हे लगेच दिसलं.

आकडा मात्र लपलेला नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना जबाबदारी आणि शाश्वततेचा एक वेगळा अहवाल द्यायला लावला आहे. त्यात कायम कामगार किती आणि कायम नसलेले किती, हे दोन्ही द्यावे लागतात. म्हणजे पटींचा आकडा एका पानावर आणि या पोरांची संख्या पुष्कळ पानं पुढे. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचणारं कुणी हवं.

ते कुणी म्हणजे तुम्ही, श्रोतेहो. तुमच्यापैकी बरेच जण दरमहा एस.आय.पी. भरता. त्या पैशातून म्युच्युअल फंड याच कंपन्यांचे शेअर घेतात आणि त्यांनी ठरावांवर मत द्यायचं असतं; कसं दिलं तेही त्यांना जाहीर करावं लागतं. विशेष ठरावाला ७५ टक्के मतं लागतात. २०२१ साली आयशर मोटर्सच्या व्यवस्थापकीय संचालकांच्या फेरनियुक्तीचा, वाढीव पगारासकट, ठराव आला, त्याला ७३ टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि तो नामंजूर झाला. पुढे पगाराला मर्यादा घालून नवा ठराव आणावा लागला. एवढं होऊ शकतं. फक्त अजून कुणी त्या सभेत उठून विचारलेलं मी ऐकलं नाही, की तुमच्या रांगेत कंत्राटी पोरं का नाहीत.

माझ्याकडे माझ्या जुन्या कंपनीचे ४० शेअर आहेत. निवृत्तीच्या पैशातून घेतले होते. सप्टेंबरात सभा आहे, आता ती ऑनलाइन असते. प्रश्न विचारायचा असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं. मी नोंदवलं आहे. प्रश्न कागदावर लिहून काढला तेव्हा भाचा सुट्टीवर आला होता, ब्रेकवर. त्याने तो वाचला आणि म्हणाला, "मामा, यात माझा नंबर लिहू नका हं. पंधरा तारखेला परत घेणार आहेत."

नंबर लिहिलेला नाही.

नमस्कार.