दुर्गम वस्ती आणि गोवराची साथ

श्रोतेहो, नमस्कार.

गोवर म्हटले की अंगावर उठणारे पुरळ डोळ्यांपुढे येते. पण हा रोग पसरतो तो श्वासावाटे, आणि रोगी खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू तेथील हवेत दोन तासांपर्यंत तग धरू शकतात. त्यातून न्यूमोनिया झाला की लहान मुलांच्या जिवावर बेतते.

असा रोग आडवाटेच्या वस्तीत पोहोचणार नाही, हा समज घातक आहे. १८४६ साली उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर गोवर आला, तेव्हा सुमारे ७,८०० रहिवाशांपैकी जवळपास ६,००० जण काही महिन्यांत आजारी पडले. १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर होऊन गेला होता, त्या वृद्ध मंडळींना तो पुन्हा झाला नाही. मधल्या पासष्ट वर्षांत तो तिकडे फिरकलाच नव्हता, म्हणूनच तो एवढ्या लोकांना एकाच वेळी गाठू शकला.

लस उपलब्ध असूनही असे घडू शकते. सामोआ या बेटांच्या देशात २०१८ साली लसीची भुकटी ज्यात विरघळवतात त्या द्रावकाऐवजी तिच्यात चुकून दुसरेच औषध मिसळले गेले आणि दोन तान्ही बाळे दगावली. लसीकरण काही महिने थांबले, पालकांचा विश्वास उडाला, आणि २०१९ च्या साथीत ८३ जणांचा बळी गेला. त्यांत बहुसंख्य लहान मुले होती. अखेर ५ आणि ६ डिसेंबरला सरकारी कामकाज बंद ठेवून पथके घरोघर फिरली. ज्या घरात कुणाची लस राहिली होती, त्या घराने बाहेर लाल कापड लावायचे, अशी खूण ठरली होती. दवाखान्यात या, असे नुसते सांगत बसण्यापेक्षा ही पद्धत मला कितीतरी पटीने योग्य वाटते.

गोवर रोखण्यासाठी शंभरांतील पंचाण्णव जणांना दोन्ही डोस मिळावे लागतात, त्यामुळे पाड्यावरचे शेवटचे घरही वगळून चालत नाही. लस थंड पेटीतूनच न्यावी लागते. कुपीवरील, उष्णतेने गडद होत जाणाऱ्या खुणेतला आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला, तर ती कुपी वापरायची नसते. द्रावक मिसळलेली कुपी सहा तासांनंतर टाकून द्यावी लागते. म्हणून, समोर एकच मूल असेल तर दहा डोसांची कुपी फोडावी का, असा प्रश्न कर्मचाऱ्यांना पडतो. ती अवश्य फोडावी, आणि दुसऱ्या डोसाची तारीख त्याच वेळी कार्डावर लिहून आईला समजावून सांगावी.