कार्ड बिघडल्यानंतरचा अर्धा तास

मित्रहो, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून येथे आलेल्या आपल्यापैकी बहुतेक छायाचित्रकारांचे वर्षाचे गणित लग्नसराईवर बसलेले असते, आणि अक्षता तर एकदाच पडतात. म्हणून कॅमेऱ्यातील पोस्टाच्या तिकिटाएवढ्या मेमरी कार्डाविषयी बोलताना ‘कोणत्या कंपनीचे कार्ड घ्यावे’ या नेहमीच्या प्रश्नाला मी हात घालणार नाही. कार्ड कोणतेही असो, ते कधीतरी दगा देणार हे धरूनच कामाची पद्धत बसवावी लागते, आणि दगा दिल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात आपण काय करतो यावर बहुतेक वेळा फोटो राहतात की जातात हे ठरते, असे माझे मत आहे. ते मला फार महागात पडून आले आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी पारोळा तालुक्यातील एका लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे फोटो मी एकाच कार्डावर घेतले. संध्याकाळी स्वागत समारंभ सुरू होण्याच्या वेळी कॅमेऱ्याने कार्ड वाचता येत नसल्याचे सांगून फॉरमॅट करू का, असे विचारले. मांडवात माणसे ताटकळत उभी होती, दुसरे कार्ड गाडीत होते, आणि मी घाबरून होकाराचे बटण दाबले. कार्ड लगेच सुरळीत चालू लागले, म्हणून स्वागत समारंभाचे शंभर-दीडशे फोटोही मी त्याच कार्डावर काढले. पुढे रिकव्हरी, म्हणजे गेलेले फोटो शोधून परत काढण्याचे काम, केल्यावर लग्न सापडले, पाठवणी सापडली, हळद मात्र गेली ती गेलीच.

असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. कॅमेऱ्यातील नेहमीचे फॉरमॅट फोटो पुसत नाही. कोणता फोटो कोठून कोठपर्यंत आहे याची जी नोंदवही कार्डाच्या सुरुवातीला असते, तेवढीच कोरी करते. तलाठ्याच्या दप्तरातला सातबारा जळाला तरी शेत जागेवरच असते. त्यावर दुसऱ्याने नांगर फिरवला की मात्र जुने पीक उरत नाही. कोऱ्या कार्डावर कॅमेरा पुन्हा पहिल्या जागेपासून लिहू लागतो, आणि माझ्या कार्डावर पहिल्या जागेत हळद होती. तिच्यावर मीच स्वागत समारंभाचा नांगर फिरवला. (काही कॅमेऱ्यांत खोलवरचे, म्हणजे लो लेव्हल फॉरमॅट असते, त्यानंतर काही परत मिळण्याची आशा फारशी धरू नये.)

म्हणून कार्डाने तक्रार केली की ते त्याच क्षणी बाहेर काढावे आणि त्याच्या कडेची छोटी खिट्टी ‘लॉक’कडे सरकवावी. ही खिट्टी कार्डाच्या आतील कशालाही जोडलेली नसते, तिची जागा पाहून लिहायचे नाही हे कॅमेऱ्याने किंवा रीडरने, म्हणजे कार्ड संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाने, ओळखायचे असते; तरी ती सरकवलेली बरी. नंतर दुसऱ्या रीडरमध्ये कार्ड घालून पाहावे, कारण अनेकदा दोष रीडरचाच निघतो. संगणकाने ‘दुरुस्त करू का’ असे विचारले तर नाही म्हणावे, कारण त्या दुरुस्तीत फायलींचे तुकडे होऊ शकतात. संपूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे एका फाइलमधली नक्कल, हार्ड डिस्कवर उतरवावी आणि फोटोरेकसारखा गेलेले फोटो शोधणारा मोफत प्रोग्राम त्या प्रतिमेवर चालवावा. मिळालेले फोटो त्याच कार्डावर ठेवण्याची चूक करू नये. संगणकाला कार्ड दिसतच नसेल, तर ते काम आपले नाही. ते रिकव्हरी करणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्यावे.

आता बिघाडाच्या कारणांकडे वळतो. आपल्याकडे सगळा दोष मे महिन्याच्या उन्हावर टाकण्याची पद्धत आहे. जळगावचा पारा पंचेचाळिशी गाठतो हे खरे, पण चांगली कार्डे साधारण ८५ अंशांपर्यंत चालतील अशा हिशेबाने बनवलेली असतात. मला अधिक त्रास दिला तो धुळीने, सैल बसणाऱ्या मायक्रो कार्डाच्या अडॅप्टरने आणि घाईने. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचे सलग पन्नास-साठ फोटो काढले की कॅमेऱ्याचा लाल दिवा बराच वेळ लुकलुकत राहतो, म्हणजे लिहिणे अजून चालू असते. त्या वेळी बॅटरी किंवा कार्ड काढले की नोंदवही अर्धवट राहते. कार्डावर ठळक छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो. व्ही३० या खुणेचा अर्थ मात्र सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी असा आहे, आणि खरेदी करताना आपण तीच खूण पाहावी.

दुसरे कारण बनावट कार्डांचे. अशा कार्डाचा कंट्रोलर, म्हणजे कार्डाचा कारभार पाहणारी आतली चिप, ६४ जीबी सांगतो आणि आत खरी जागा आठच जीबी असते. पहिले आठ जीबी फोटो उत्तम उतरतात, पुढचे कोठेच जात नाहीत किंवा आधीच्यांवरच लिहिले जातात, आणि फायलींची नावे मात्र सगळी दिसत राहतात. त्यामुळे नवे कार्ड आणले की ते एकदा पूर्ण भरून परत वाचून पाहावे. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफथ्री हे प्रोग्राम नेमके तेच करतात. रात्रभर लागते, लागू द्यावी.

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या घरी आज कलादालन आहे. त्यांच्या काळातील निगेटिव्हवर ओरखडा पडला तरी चेहरा ओळखू येई. आपल्या फाइलमध्ये थोडी गडबड झाली की अर्धा फोटो करडा होतो किंवा उघडतच नाही. शिवाय आजच्या बहुतेक कार्डांत माहिती साठवणाऱ्या एकेका सूक्ष्म पेशीत विद्युतभाराच्या रूपाने तीन बिट साठवलेले असतात, तो भार वर्षानुवर्षे हळूहळू गळतो आणि उष्णतेत लवकर गळतो. जुनी लग्ने कार्डासकट कपाटात जपून ठेवणाऱ्यांनी हे ऐकावे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला हिशेब सोपा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या जागी. माझ्याकडील दुसरी जागा म्हणजे भुसावळला बहिणीच्या घरातील एक डिस्क आहे. कॅमेऱ्यात दोन खाचा असतील तर दोन्हींत एकाच वेळी तेच फोटो लिहिण्याची सोय चालू ठेवावी. दुसरी खाच जास्तीच्या जागेसाठी वापरणे मला पटत नाही. हळद झाली की ते कार्ड पाकिटात उलटे ठेवावे, लग्नाला दुसरे काढावे, आणि फोटो डिस्कवर प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय कोणतेही कार्ड फॉरमॅट करू नये.

पारोळ्याच्या त्या घरी मी तिसऱ्या दिवशी गेलो आणि काय झाले ते सांगितले. नवरीची आई बराच वेळ बोलली नाही. मग नवरीचे मामा आतून आपला छोटा कॅमेरा घेऊन आले. त्यांनी हळदीत हौसेने काही फोटो काढले होते, त्यांतले बरेचसे हललेले होते. त्या अल्बमची पहिली चार पाने त्याच फोटोंची आहेत.