दाण्याच्या पोटातलं रबर

(पडद्यावर: प्लॅस्टिकच्या थंड पत्र्यावर हातोडा पडतो, पत्रा तडकतो.)

पारा शून्याखाली गेला, की पॉलिप्रॉपिलीन हे साधं प्लॅस्टिक असं ठिसूळ होतं. मोटारीच्या बंपरला हे चालायचं नाही. म्हणून त्यात रबराचे सूक्ष्म थेंब हवेत. गंमत अशी, की हे रबर प्लॅस्टिकच्या दाण्याच्या आतच तयार करता येतं.

रसायनशास्त्रज्ञ जूलिओ नाट्टा यांना हे प्लॅस्टिक मिलानमध्ये गवसलं मार्च 1954 मध्ये. 1963 मध्ये कार्ल झीग्लर यांच्यासोबत नोबेलही मिळालं. पण दाण्याच्या घडणीवर बेतलेली स्फेरिपोल पद्धत कारखान्यात यायला 1980 चं दशक उजाडलं.

(पडद्यावर: सूक्ष्मदर्शकाखाली उत्प्रेरकाचा कण.)

हा मॅग्नेशियम क्लोराइडचा सच्छिद्र कण, मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढा. त्यावर टायटॅनियम बसवलेलं; रासायनिक क्रिया तेच घडवतं. प्रॉपिलीन, म्हणजे या प्लॅस्टिकचा कच्चा माल, पोचलं, की तिथे रेणूंच्या साखळ्या वाढू लागतात आणि त्यांच्या रेट्याने कण आतून फुटतो. तुकडे मात्र विखुरत नाहीत. वाढणारं प्लॅस्टिकच त्यांना धरून ठेवतं. सुरुवातीलाच घाई केली, तर कणाची भुकटी होते. म्हणून आधी कमी तापमानाला थोडीशीच वाढ, मग द्रव प्रॉपिलीनमध्ये साधारण 70 अंशांना खरा वेग. तयार होतो बारीक साबुदाण्यासारखा पांढरा दाणा.

आता इथिलीन आणि प्रॉपिलीनचा वायू सोडतात. खरी मेख इथेच आहे. छिद्रं मोकळी असतील, तर वायू थेट आत शिरतो आणि रबर झपाट्याने बनतं. इथिलीन मुळातच प्रॉपिलीनपेक्षा चपळ. दाणा घट्ट असेल, तर वायूला प्लॅस्टिकमधून झिरपत जावं लागतं. आतलं टायटॅनियम उपाशी राहतं. उत्प्रेरक तोच, तापमान तेच, दाबही तोच, तरी वेग पडतो.

चांगल्या दाण्यालाही मर्यादा आहेच. रबर छिद्रं बुजवत जातं, वायूची वाट अरुंद होते. शेवटी ते पृष्ठभागावर येतं आणि जास्त भिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे एकमेकांना चिकटतात. भिंतींवर थर, नळ्यांत गोळे; मग यंत्रणा बंद करून साफसफाई.

(पडद्यावर: काचेच्या नळीत दाणे, वरून चकाकता पारा.)

त्यामुळे रबर वाढवायचं, तर नुसता वायूचा दाब वाढवून भागत नाही. पहिल्या टप्प्यातले दाणे प्रयोगशाळेत येतात. त्यांच्यात दाबाखाली पारा भरतात. पारा किती शिरला, त्यावरून रबराला किती जागा आहे, याचा अंदाज बांधतात.