नौदलातली वर्षे आणि अपुऱ्या झोपेचा अभिमान

नमस्कार. विशीत नौदलात दाखल होऊन काही वर्षे जहाजावर काढलेल्या माणसाला त्या दिवसांविषयी विचारले, तर वादळे आणि परकी बंदरे यांच्याबरोबर तो आणखी एक गोष्ट हमखास अभिमानाने सांगतो, ती म्हणजे चार तासांच्या झोपेवर केलेली ड्यूटी. आज आपण या अभिमानाकडेच जरा संशयाने पाहणार आहोत.

जहाज रात्री थांबत नाही, म्हणून दिवस पाळ्यांमध्ये वाटलेला असतो. परंपरेने पाळी चार तासांची असते. मात्र दुपारी 4 ते रात्री 8 या वेळेच्या दोन-दोन तासांच्या दोन पाळ्या केल्या जातात आणि त्यांना डॉग वॉच म्हणतात. त्यामुळे दिवसाच्या पाळ्या सहाऐवजी सात होतात, आणि मध्यरात्री 12 ते पहाटे 4 ही सर्वांनाच नकोशी असणारी पाळी रोज एकाच गटाच्या वाट्याला येत नाही. व्यवस्था न्याय्य आहे खरी, पण तिच्यामुळे झोपेची वेळ रोज सरकत राहते, शिवाय पाळी संपली की साफसफाई, दुरुस्ती आणि आगीचे सराव वाट पाहत असतातच.

या दिनक्रमात कौतुकास्पदही पुष्कळ आहे. अंधाराला डोळे सरावण्यास साधारण 20 ते 30 मिनिटे लागतात, म्हणून रात्रीच्या पाळीचा माणूस वेळेआधीच येतो, आणि दिशा, वेग, आसपासची जहाजे व कॅप्टनच्या सूचना त्याने नीट समजून घेतल्याशिवाय आधीचा माणूस जागा सोडत नाही. एवढ्या लहान वयात इतकी जबाबदारी इतर फार थोड्या नोकऱ्यांमध्ये मिळते.

परंतु 2017 साली अमेरिकी नौदलाच्या दोन विनाशिकांची व्यापारी जहाजांशी टक्कर झाली. जूनमध्ये जपानजवळ ‘फिट्झगेराल्ड’वरील 7 आणि ऑगस्टमध्ये सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’वरील 10 नौसैनिक मृत्युमुखी पडले. चौकश्यांमध्ये प्रशिक्षणातल्या उणिवांबरोबर थकव्याचाही उल्लेख आला, आणि त्यानंतर त्या नौदलाने शरीराच्या नैसर्गिक लयीला धरून पाळ्या लावण्याचे आदेश दिले. सलग 17 तास जागे असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावू शकते, हे 1990 च्या दशकातल्या प्रयोगांतून आधीच दिसले होते. मद्य घेऊन कोणी पाळीवर उभे राहिले असते, तर त्याची बढाई कोणी मारली नसती.

आपल्या त्या वर्षांविषयी बोलणारा माणूस खोटे बोलत नसतो; मात्र थकलेल्या माणसाला स्वतःच्या चुका कमी दिसतात, त्यामुळे ‘आम्हाला काही झाले नाही’ ही त्याची साक्ष मला फारशी भरवशाची वाटत नाही. उपाय अवघड नाही: 3 तास काम आणि 9 तास मोकळीक अशी पाळी लावली, तर प्रत्येकाच्या वेळा रोज त्याच राहतात. अडचण इतकीच, की त्यासाठी प्रत्येक जागेवर काम करू शकणारी, पूर्ण प्रशिक्षित अशी चार माणसे लागतात, आणि जहाजावर ती बहुधा तीन किंवा दोनच असतात.