थर वाळूचा, रेघ लोहाची

[सोलापूरचा भुईकोट किल्ला. तटाच्या दगडांवरून कॅमेरा सावकाश सरकतो.]

सोलापुरात दगड म्हटलं की डोळ्यांपुढे काळाच येतो. किल्ल्याचा तट काळा, घरातला पाटा-वरवंटा काळा. सगळा बेसॉल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. म्हणून फरशीच्या दुकानात पिवळा-तांबडा पट्टेरी दगड दिसला की पाय थबकतात. हा वालुकाश्म, वाळूचा दगड. आपल्याकडे बाहेरूनच येतो.

[तळहातावर एक तुकडा.]

न घासलेल्या बाजूवर बोट फिरवा. पॉलिश पेपरसारखं खरखरतं. आता भिंग लावा. साखरेसारखे सुटे दाणे दिसतील, बहुतेक क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीच्या खनिजाचे. त्यांना धरून ठेवलंय सिलिकानं, चुन्यानं किंवा लोहानं. ताज्या तुटलेल्या कडेला दाणा सहसा शाबूत असतो, भेग त्याला वळसा घालून जाते. क्वार्टझाइटमध्ये, म्हणजे उष्णता-दाबानं घट्ट झालेल्या वाळूच्या दगडात, ती दाण्यांतूनच आरपार जाते.

[पट्ट्यांवर कॅमेरा स्थिरावतो.]

पट्टे मात्र दोन जातींचे. एक वाळूचेच: पाण्यानं किंवा वाऱ्यानं कधी जाड दाणा आणून टाकला, कधी बारीक. दुसरे नुसत्या रंगाचे. खडकात झिरपणारं पाणी विरघळलेलं लोह घेऊन फिरतं, आणि प्राणवायू भेटला की ते गंजासारखं तिथंच बसतं. १८९६ साली जर्मन रसायनतज्ज्ञ लीसेगांग यांनी जिलेटिनवर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला, तेव्हा अशीच वलयं उमटली. दगडातल्या रंगवलयांनाही आज त्यांचंच नाव आहे.

ओळखायचं कसं? रंगाची रेघ दाण्यांचा थर ओलांडून गेली, तर थर आधीचा, रंग मागाहून आलेला. मला या दगडातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

एक फसगत टाळा. घाटरस्त्याच्या कापलेल्या कडेला कांद्यासारखी सालं सुटलेले गोल धोंडे दिसतात. तो कुजलेला बेसॉल्ट. त्याचं साल चुरगाळलं तर मुरूम-माती हाती येते, क्वार्ट्झची वाळू येत नाही.

[बदामीचा तांबडा कडा.]

सोलापुरातली कितीतरी घरं कर्नाटकात बनशंकरीच्या दर्शनाला जातात. त्यांनी शेजारच्या बदामीला तासभर द्यावाच; तिथला कडा वाळूच्या दगडाचाच. तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८चा शिलालेख आहे. बाहेर कड्यावर तिरके थर शोधा. ते ज्या बाजूला उतरतात, त्या बाजूला ही वाळू आणणारा जुना प्रवाह वाहत होता. मग आत या. खांब आणि मूर्ती त्याच कातळात कोरलेल्या, त्यामुळे एखादा तांबूस पट्टा मूर्तीच्या अंगावरून निघतो आणि न तुटता मागच्या भिंतीत शिरतो.

[पट्ट्यामागोमाग कॅमेरा अंधारात जातो.]